विधवेच्या हातातल्या बांगड्या

त्या सकाळी आम्ही नवराबायकोनं मिळून एका टॉवेलला रक्त लावलं.

टॉवेलाचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या गुडघ्याखाली. मधे काकवीची वाटी. काकवीत काजळ खललं की रक्त तयार होतं. कॅमेऱ्याला तांबडं काळंच दिसतं, मग काकवी काय वाईट. दाटपणा बरोबर येतो. मी काडीनं थेंब सोडत होतो आणि ती टॉवेल ताणून धरत होती, म्हणजे डाग पसरायला नको.

"पुरं की," ती म्हणाली. "पोरगं मेल्यावानी दिसाय लागलं."

"सिनेमात लई मार खाल्लाय त्यानं."

"खाल्लाय तर खाल्लाय. आईला बघवाय नगं?"

मग तिनं डागावर वीत ठेवली. वीतभर आणि वर दोन बोटं. टॉवेल हरवला किंवा कुणी धुऊन टाकला तर तेवढाच डाग पुन्हा पाडता यावा म्हणून हे माप. मी मापाला टेप वापरतो. ती हात वापरायची. तिचं माप चुकायचं नाही.

"दोरीवर टाका त्यो," ती म्हणाली. "खाली ठेवला तर मुंग्या लागतील."

टॉवेल दोरीवर टाकला. भाकरी खाल्ली. वाळल्यावर टॉवेल गाठोड्यात घेतला आणि शूटिंगला गेलो. आम्ही मिळून केलेलं ते शेवटचं काम. तेव्हा कुणाला माहीत.

माझा धंदा शिंप्याचा. शाळा चार बुकं. सोलापुरात नाटक कंपन्या यायच्या, त्यांची ड्रेपरी मी सांभाळायचो. ड्रेपरी म्हणजे नटांचे कपडे. ते शिवायचे, उसवायचे, धुवायचे, आणि आयत्या वेळी राजाच्या अंगरख्याचा बंद तुटला तर विंगेत उभं राहून टाका घालायचा. पुढं नाटकं कमी झाली, सिनेमे वाढले. पुण्याकडची एक कंपनी बॉक्सिंगचा सिनेमा काढायला सोलापुरात आली, तेव्हा त्यांनी मला ड्रेपरीला घेतलं. मुका सिनेमा. बोलपट यायला अजून अवकाश होता.

नाटकात आणि सिनेमात फरक काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. नाटक सुरू झालं की संपेपर्यंत सरळ जातं. सिनेमा तुकड्यातुकड्यानं काढतात. पडद्यावर जी मारामारी तुम्ही पान चघळत बघता, ती काढायला चार-चार दिवस जातात. एक तुकडा आज, एक उद्या. मग ते तुकडे एकामागं एक चिकटवतात. आज हिरोचा डावा डोळा सुजला असेल तर उद्याही डावाच सुजला पाहिजे. आज बाही फाटली तर उद्या तेवढीच फाटकी. याला आम्ही जोड म्हणायचो. जोड बसली की बघणाऱ्याला काही कळत नाही. नाही बसली की पिटातला, पुढच्या स्वस्त जागेतला हमालसुद्धा ओरडतो. कपड्यांची जोड बसवणं हे माझं काम. माझ्या हाताखाली एकच माणूस होतं, माझी बायको यमुना.

तो सिनेमा पुढच्या साली आमच्याकडं थेटरात लागला. लोकांनी तो चुकांसाठी ध्यानात ठेवला. मीही पिटात बसून बघितला. राउंडची घंटा होते तेव्हा माणसांच्या सावल्या लांबलचक, सकाळच्या. त्याच राउंडमध्ये हिरो ठोसा चुकवून वर बघतो तर सावली पायाखाली. म्हणजे पोरगं अर्धा दिवस एकच ठोसा चुकवत होतं. रेफरीच्या डोक्याला आधी फेटा, मग टोपी, मग परत फेटा. हिरोच्या डोळ्याची सूज या डोळ्यावरून त्या डोळ्यावर. ग्लोव्हजची खरी जोडी एकच होती. दुसरी मी खोगिराचं चामडं आणून शिवली होती, तिच्यातला कापूस बाहेर आलेला दिसतो. समोरचा बॉक्सर राउंडच्या आधी वाकून माती शोधतो, फळ्यांवर माती कुठली, तरी कपाळाला लावल्यासारखं करतो आणि शड्डू ठोकतो.

पण लोक सगळ्यात जास्त हसायचे ते हिरोच्या आईला. सिनेमात ती विधवा आहे. पांढरं लुगडं, डोईवरून पदर. मुलगा मार खाऊन पडतो, ती दचकून उठते, हात वर जातो, आणि हातात ह्या एवढ्या काचेच्या बांगड्या. पुढच्या तुकड्यात मुलगा तिच्या पाया पडतो तेव्हा हात मोकळे. "म्हातारीच्या बांगड्या कुटं गेल्या रं?" असं कुणीतरी ओरडायचं, दुसरा म्हणायचा, "बॉक्सिंगमधी फुटल्या," आणि सगळा पिट हसायचा.

लोक मला अजून विचारतात. तात्या, ड्रेपरी तुमची होती. एवढी मोठी चूक तुमच्या नजरेतून सुटली कशी?

सुटली नाही. काय झालं ते सांगतो. त्या आईबद्दल आणखी एक गोष्ट आहे, ती एवढ्या हसणाऱ्या लोकांत कुणालाच दिसली नाही. तीही सांगतो.

तलावाच्या अंगाला मोकळा माळ होता, तिथं कंपनीनं फळ्या ठोकून रिंग बांधली. रिंग म्हणतात पण असते चौकोनी. चार खांब आणि भोवती दोर. डायरेक्टर होते त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. त्यांनी मुंबईत एका इंग्रजी सिनेमात बॉक्सिंग बघितलं होतं. बाकीच्यांनी तेवढंही बघितलं नव्हतं. हिरो वसंता, कुरळ्या केसांचा, पुण्याचा. त्याच्यासमोर लढायला मोहोळचा भीमा पैलवान आणला. तालमीच्या पहिल्याच दिवशी मास्तरांनी त्याला सांगितलं, "धरायचं नाही. नुसता ठोसा."

"धरायचं न्हाय तर कुस्ती कशी हुईल?" भीमा म्हणाला.

"कुस्ती नाही. बॉक्सिंग आहे."

"मग गडी पाडायचा कसा?"

"ठोसा मारून."

भीमानं जरा विचार केला. "ते भांडान झालं की मास्तर."

वसंता हसला. ते हसणं त्याला पुढं महागात पडलं.

आईचं काम करणारी बाई पुण्याहून निघाली होती. कुर्डुवाडीपर्यंत आली आणि तिथं तिला ताप भरला, तशीच परतली. मास्तर डोक्याला हात लावून बसले. त्या काळात सिनेमाला बाई मिळवणं म्हणजे दुष्काळात पाण्याचं टाकं शोधण्यासारखं. मिलचं इंजिन दुरुस्तीला काढलेलं, मिल दोन दिवस बंद, म्हणून गर्दीला मिलची माणसं फुकटात मिळणार होती. ते दोन दिवस गेले की गर्दी गेली.

मॅनेजर म्हणाला, "आपले तात्या नेसतील लुगडं. नाटकात दासीची कामं केलीत त्यांनी."

केली होती, पोरसवदा असताना. यमुना बाजूला बसून बटणं लावत होती. मान वर न करता म्हणाली, "आन् ही मिशी कुणाच्या आईला असती?"

सगळे हसले. माझी मिशी गालापर्यंत होती. मास्तर मात्र तिच्याकडं बघत राहिले.

"मावशी, तुम्ही बसाल?"

"काय करायचं असतंय?"

"काही नाही. बसायचं आणि मुलगा मार खातोय ते बघायचं."

"एवढंच व्हय. बसंन की."

"पण ती विधवा आहे. कुंकू पुसावं लागेल. बांगड्या काढाव्या लागतील."

तिनं बटण खाली ठेवलं. पदर सारखा केला. माझं नाव ती घ्यायची नाही. "ह्ये हितं ढळढळीत उभं हायत," ती म्हणाली, "आन् मी कपाळ पुसू?"

"अहो, खोटं खोटं."

"खोटं तुमचं. कपाळ माझं हाय."

मास्तर माझ्याकडं वळले. "तात्या, समजवा."

मी म्हणालो, "मास्तर, बसतीय त्यात समाधान माना. बाकीचं मी बघतो."

बाकीचं म्हणजे असं. पदर भुवईपर्यंत ओढला आणि केसांना पिनेनं टाचला. कुंकू झाकलं, पुसलं नाही. चोळीच्या बाह्या मनगटापर्यंत लांबवल्या. बांगड्या वर चढवून त्यावरून कापडाची पट्टी आवळली. शिवायला सकाळ गेली, पण बाहेरून बघितलं तर बाई विधवा. ती आरशात बघून म्हणाली, "आतनं मी हायेच." मास्तरही खूश.

हे सगळं टॉवेलाच्या आदल्या दिवशी झालं. टॉवेलाच्या दिवशी शूटिंग.

तेव्हा कॅमेऱ्याला दिवे नव्हते. जे काय ते उन्हात. उन्हही पुरायचं नाही, म्हणून फळ्यांना चंदेरी कागद लावून उजेड माणसाच्या तोंडावर पाडायचे. आमच्याकडचा उन्हाळा, माळावर झाड नाही. यमुना रिंगच्या कोपऱ्याला स्टुलावर बसली. मधे मधे मी तांब्या नेऊन द्यायचो. ती घोटभर प्यायची आणि म्हणायची, "सरका, त्यांचा उजेड आडवताय."

मास्तरांनी गर्दीला समजावलं होतं. हिरो पडेल. रेफरी दहापर्यंत अंक मोजेल. नऊला हिरो उठेल. तोवर सगळ्यांनी बसून राहायचं. लोक म्हणाले, बरं. कॅमेरावाल्यानं हँडल फिरवायला सुरुवात केली. हातानंच फिरवायचं असायचं ते.

भीमा आणि वसंता आधी नीट खेळले. मग वसंतानं एक ठोसा जरा जोरात लावला, तो भीमाच्या नाकावर बसला. भीमाला ते तालमीतलं हसणं आठवलं असेल, राग आला. त्यानं उजव्या हातानं खराच ठोसा दिला. वसंता उताणा पडला, दोन्ही खांदे फळ्यांना.

पाठ लागली.

आता कुस्तीत पाठ लागली की निकाल झाला. जगात त्यापुढं काही नाही. मिलची सगळी माणसं तालमीतली नाही तर तालमीबाहेर उभं राहून बघणारी. एकदम आरोळी उठली. फेटे वर उडाले. दोरावरून उड्या मारून माणसं रिंगमध्ये घुसली आणि भीमाला खांद्यावर घेतलं. भीमाही विसरला. खांद्यावर बसून त्यानं मास्तरांना मुजरा केला. रेफरीचं काम मॅनेजरकडं होतं, तो माणसांच्या पायांत वाकून "चार, पाच" म्हणत होता. वसंता खालून कण्हत होता.

मास्तर कपाळ धरून म्हणाले, "निकाल नाही झाला. बॉक्सिंगमध्ये दहा मोजतात."

"पाठ लागल्यावर काय मोजायचं असतंय?" गर्दीतला एकजण म्हणाला.

कॅमेरावाला म्हणाला, "पडलेला मिळाला. गर्दी आत यायच्या आधीचं सगळं मिळालं. आणि मास्तर, मावशी. मावशी बघायला पाहिजे होत्या तुम्ही."

ती ठोसा बसला तशी खरीच उठली होती. तोंडावर हात गेला होता. बाही मागं सरकली होती, पट्टी सुटून लोंबत होती आणि बांगड्या उघड्या पडल्या होत्या.

"चेहरा कसा होता?" मास्तरांनी विचारलं.

"सख्खी आई असती तर असाच असता."

"आणि बांगड्या?"

"लख्ख."

मास्तर तिच्यापाशी आले. "मावशी, चेहरा फार छान दिलात. पण उद्या सकाळी पुन्हा घ्यावं लागेल."

"म्हंजी त्या लेकराला उद्या पुन्यांदा हाणणार?"

"हो, थोडं."

"मग मी डोळं मिटून बसंन."

वसंतासकट सगळे हसले. भीमा ओशाळा होऊन म्हणाला, "मावशे, उद्या हळू हाणतो." शेवटचे तुकडे दुसऱ्या दिवसावर गेले: मुलगा उठतो, भीमाला पाडतो आणि येऊन आईच्या पाया पडतो. टॉवेल तिथंच खांबाला अडकवून ठेवला. मास्तरांनी सुट्टी दिली.

आम्ही चालत घरी आलो. विणकरांच्या आळीत आमची खोली. दुपार कलली नव्हती. तिनं पाणी मागितलं, पुन्हा मागितलं. डोकं दुखतंय म्हणाली. मी मशीनपाशी ग्लोव्हचा कापूस आत ढकलत बसलो होतो. ती लुगड्यासकट भिंतीकडेला फरशीवर आडवी झाली.

मी म्हणालो, "लुगडं बदल. चुरगळंल. उद्या जोड बसायची न्हाय."

"जरा पडते. मग बदलते," ती म्हणाली.

ग्लोव्हची शिवण घातली. दोरा तोडला. तिला म्हणालो, कात्री दे गं. तिनं दिली नाही. पुन्हा म्हणालो.

माणसं अशी जातात हे मला माहीत होतं. दुसऱ्यांची. आळीत किती बघितली. पण हातातला ग्लोव्ह माझ्या हातातच राहिला. मी तिच्या अंगाला हात लावला तर अंग भट्टीसारखं, आणि ती नव्हती. मी काय करावं? मी कात्री शोधली. सापडली, ती मशीनखाली होती. ती घेऊन मी उभा राहिलो, आणि ती कशाला हवी होती तेच आठवेना.

शेजारची लक्ष्मव्वा आली. तिनं नाकापाशी बोटं धरली आणि ओरडून बायका गोळा केल्या. डॉक्टर आले, म्हणाले, ऊन लागलं. लक्ष्मव्वा म्हणाली, "अय्यो तात्या, रांडाव बाईचा वेष घेतला तिनं. तुमच्यावरचं तिनं आपल्यावर घेतलं." कुणाचं खरं, मला माहीत नाही. डॉक्टर शिकलेले आहेत. लक्ष्मव्वानं तिला वीस वर्षं बघितलं होतं.

बायका तिला उचलायला लागल्या तेव्हा मी एवढंच म्हणालो, "केसात पीन हाय. टोचंल."

पांढरं लुगडं त्यांनी सोडलं आणि खुंटीवर टाकलं. नवरा मागं ठेवून जाते ती बाई अहेव जाते, तिला सवाष्णीसारखी नटवून पाठवतात. हिरवं लुगडं नेसवलं. ओटी भरली. हातात नव्या हिरव्या बांगड्या. कपाळभर कुंकू. सकाळी मी ते झाकायला पीन लावली होती. आता झाकायचं कारण नव्हतं.

दिवस मावळायच्या आत नेली. आम्हाला मूलबाळ नाही, अग्नी मीच दिला. आमच्यात अग्नी देणाऱ्याची मिशी तिथंच उतरवतात. न्हाव्यानं दगडावर बसवून उतरवली. ओठाला वारा लागला तेव्हा मला दचकायला झालं. तो ओठ मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

मास्तर आले होते. मॅनेजर आणि भीमाही. वसंता लांब उभा होता, गाल सुजलेला. मास्तर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मीच विचारलं.

"मास्तर, आज जे काढलं त्याचं काय हुईल?"

"त्याचं आता मनात आणू नका, तात्या."

"काय हुईल पण?"

"आईचा शेवट राहिलाय. त्याच्याशिवाय आज काढलेलं वापरता येत नाही. दुसरी बाई मिळाली तर सगळंच पुन्हा काढावं लागेल. नाही तर आई कापून टाकू. गोष्ट आईवाचून चालते."

"कापलेल्याचं काय करता?"

मॅनेजर सवयीनं बोलून गेला. "कापलेली फिल्म ठेवता येत नाही. झटकन पेट घेते. जाळून टाकतात."

समोर लाकडं पेटलेली होती. आपण काय बोललो ते त्याला कळलं आणि त्यानं मान खाली घातली.

"एकदा जाळली," मी म्हणालो. "पुरं झालं."

तिचा फोटो नव्हता. काढू काढू म्हणत राहून गेला. लग्नात काढला नाही, पुढं ती म्हणायची, आता म्हातारपणी कशाला. आज पहिल्यांदा ती कॅमेऱ्यापुढं बसली होती. बसलेली होती, उठलेली होती, तोंडावर हात नेला होता. ती कुठं राहिली असेल तर त्या डब्यात राहिली होती, आणि तो डबा मॅनेजरच्या खोलीत होता.

"उद्या सकाळी मी येतो," मी मास्तरांना म्हणालो.

"तात्या, तुम्हाला सुतक आहे. आणि येऊन करणार काय?"

मी ओठावरून हात फिरवला. "मिशी गेली न्हवं," मी म्हणालो.

मास्तरांना कळायला वेळ लागला. भीमाला आधी कळलं. तो आगीकडं तोंड करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली. खुंटीवरचं लुगडं काढलं. तिच्या चोळीच्या बगला उसवल्या, आत पट्टी घालून कच्चे टाके मारले, म्हणजे माझ्या अंगात शिरेल. गाठोडं घेऊन बाहेर पडलो. लक्ष्मव्वा दारात होती. "सुतकात कुटं निगालाव तात्या?" तिनं विचारलं. कामावर, म्हणालो. तिनं गाठोड्यातून आलेला पदर बघितला आणि तो आत खोचून दिला.

माळावर गर्दी आदल्या दिवशीइतकीच होती, पण आवाज नव्हता. कनातीच्या मागं जाऊन लुगडं नेसलो. नेसायला मला शिकवावं लागत नाही. बाहेर येऊन तिच्या स्टुलावर बसलो. मास्तर कपाळ बघायला वाकले. झाकायला काही नव्हतं. मनगटं बघितली. बांधायला काही नव्हतं. त्याच दोन गोष्टींसाठी मी परवा सकाळभर टाके घातले होते.

कॅमेरा बाजूनं लावला, पदर पुढं, तोंड अर्धं. हँडल फिरायला लागलं. वसंता पडलेला होता तिथून मोजणी. गर्दीतलं एक माणूस हाललं नाही. नऊला वसंता उठला. मग भीमा पडला, खरा पडल्यासारखा, पाठ लावून. दहा मोजून झाले तरी सगळे गप्प बसलेले. शेवटी मास्तरांना मागून ओरडावं लागलं, "अरे, झालं, आता तरी फेटे उडवा." मग उडवले.

वसंता माझ्यासमोर आला आणि थांबला. हँडल फिरतच होतं. तो हळूच म्हणाला, "तात्या, सुतक आहे. पायांना हात लावू का?" मागं उताणा पडलेला भीमा डोळे मिटूनच म्हणाला, "आरं, तुला लागलं म्हून ती माउली काल उठून हुबी ऱ्हायली. लाव की हात." सिनेमा मुका, म्हणून हे चाललं.

त्यानं पायांवर डोकं ठेवलं. मी त्याच्या केसांवर हात ठेवला. मग खांबावरचा टॉवेल घेऊन त्याचं तोंड पुसलं, आईनं पुसावं तसं. तुकडा झाला.

मास्तर माझ्यापाशी आले, खाली बसले. "तात्या, आता हात मोकळे आहेत. कालचा तो दचकून उठण्याचा तुकडाही तुमच्यावर घेऊ? जोड बसेल."

"आन् तिचा?"

"त्यात बांगड्या दिसतात."

"दिसू द्या."

"लोक हसतील, तात्या."

"हसू द्या."

मास्तर गुडघे झटकून उठले. मग कॅमेरावाल्याला म्हणाले, "आवर." तो तुकडा तसाच राहिला. म्हणून पडद्यावर विधवेच्या हातात बांगड्या आहेत, आणि लगेच पुढं नाहीत. लोक त्याला चूक म्हणतात. काल होत्या, आज नव्हत्या, एवढंच आहे. धंद्याचं म्हणाल तर जोड बसवायला कुणीही शिकतं. ती कुठं बसवायची नाही हे शिकायला मला जन्म लागला.

बोलण्याच्या नादात टॉवेल खाली राहिला होता. डाग तेवढाच होता, वीतभर आणि वर दोन बोटं, तिच्या हातानं. काकवीला मुंग्या लागल्या होत्या. त्या मी झटकल्या, टॉवेलाची घडी केली, आणि कंपनीला न विचारता घरी घेऊन आलो.